चकचकीत शेजारी आणि मी

मित्रांनो, मी आगगाडीचे एक जुने इंजिन आहे. पण घाबरू नका, माझी लांबी जेमतेम वीतभर. चाळीस वर्षांपूर्वी एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पहिली काही वर्षे मी एका शिक्षकांच्या घरी रोज धावले. येणारा प्रत्येक पाहुणा माझे कौतुक करी. पुढे शिक्षक वारले आणि मी पंधरा वर्षे माळ्यावर खोक्यात पडून राहिले. तिथून जुन्या खेळण्यांच्या दुकानात आले. तिथेही मला कुणी विचारीना. शेवटी दुकानदाराने ठरवले, की शनिवारी मला खोलायचे आणि सुटे भाग विकून टाकायचे.

त्याच शनिवारी दोघे बहीणभाऊ आले. भाऊ मुलांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचा. त्या खोलीत त्याने भिंतीलगत छोटी रेल्वे मांडली होती. गाडी धावू लागली, की भाजलेली मुले तिच्याकडे पाहत आणि रडायचे विसरत. पण तिचे इंजिन जळाले होते आणि चार दिवस खोलीत नुसता आकांत चालला होता. बहीण घड्याळे दुरुस्त करायची, म्हणून पारख करायला त्याने तिला सोबत आणले होते.

भावाने माझ्या शेजारचे इंजिन उचलले. ते आरशासारखे चकचकीत होते आणि रुळावर ठेवताच सुसाट पळाले. मग माझी पाळी आली. मी नुसते गुरगुरले. करपल्याचा वास सुटला. भाऊ खिशात हात घालू लागला, तसा माझा जीव टांगणीला लागला.

ताईने डोळ्याला भिंग लावून ते चकचकीत इंजिन उलटे केले. 

"ही चीर बघ," ती म्हणाली. "रंग नवा आहे, पण आतला धातू फुगलाय, थोड्याच दिवसांत तुकडे पडतील. याला इलाज नाही."

"पण ताई, हे पळतंय तरी. ते तर हलतही नाही."

"हलत नाही म्हणजे संपलं असं नाही."

तिने मला खोलायला घेतले, तेव्हा दुकानदाराने बजावले, की खोलताना मोडले तर घ्यावेच लागेल. तिने मान डोलावली. माझा शेवटचा स्क्रू गंजून घट्ट बसला होता. तो निघेपर्यंत कुणी श्वासही घेतला नसावा. आत चाकांचे दाते शाबूत होते, पण जुने ग्रीस डिंकासारखे वाळले होते. तिने ते काडीने खरवडले, तेलाचा एकच थेंब सोडला आणि मला रुळावर ठेवले.

मी हलले नाही. दुकानदाराने मला उचलायला हात पुढे केला. ताईने तो अडवला आणि रुळातली वीज आत यावी म्हणून माझी काळवंडलेली चाके एकेक करून पुसली. या वेळी मला हिसका बसला आणि मी निघाले. तरी तिची खात्री पटेना. वीस फेऱ्यांनंतर तिने माझ्या मोटरवर बोट टेकवले.

"नुसती कोमट आहे, तापलेली नाही. घे हे."

सोमवारी दवाखान्यात हात पोळलेली एक मुलगी आली. नवी पट्टी बांधून झाली तरी ती उठेना. तिला अजून एक फेरी हवी होती.

मित्रांनो, जुनी वस्तू घेताना तिची नुसती झळाळी पाहू नका, आत डोकावा. घेतल्यावर तिला कोंडून ठेवू नका. अधूनमधून पुसा, चालवा. आम्हाला वयापेक्षा अडगळीत पडून राहणेच लवकर मारते. बरे, आता खोलीचे दार उघडले आहे आणि कुणीतरी मुसमुसत आत येते आहे. मला निघायला हवे.