कड्यावरची मुलगी

टिकली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानातल्या मुलींनी मिळून एका दिवसाची सहल ठरवली. सकाळी बस निघणार, दोन जुने किल्ले आणि समुद्रकिनारा दाखवून संध्याकाळी परत आणणार. संध्याकाळी बस आली, मुली उतरल्या, टिकली उतरली नाही. दुसऱ्या किल्ल्याच्या कड्यावरून ती खाली खडकांवर पडली होती. मैत्रिणी तेव्हा आत तोफा बघत होत्या, त्यामुळे त्यांच्यापैकी कुणीच काही पाहिलं नव्हतं.

पोलिसांनी विचारलं, "घरात काही कुरबूर वगैरे?" टिकलीच्या बाबांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. टिकलीची आई त्यांच्याकडे बघत राहिली. कुरबूर होती. आदल्याच संध्याकाळी झाली होती. बाबांनी एक स्थळ आणलं होतं आणि टिकलीने भेटायचंसुद्धा नाही म्हणून सांगितलं होतं. "मग तुझं तू बघ," बाबा ओरडले होते, "आमच्या जिवाला घोर लावू नकोस." आईही तेव्हा त्यांचीच री ओढत होती. सकाळी टिकली चहा न घेताच गेली.

पोलिसाने लिहिता लिहिता वर पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, आपण अपघातच लिहू."

त्या 'च'ने वर्षभर घर पोखरलं. टिकलीची आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला होती. चादरींच्या ढिगातून रक्ताच्या डागांच्या वेगळ्या काढताना तिच्या डोक्यात तो एकच शब्द फिरत राहायचा. बाबांचं छोटं सलून होतं. ते दाढ्या करायचे, गिऱ्हाइकाच्या हो ला हो म्हणायचे, घरी येऊन जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून निजायचे. टिकलीचं नाव दोघांनीही तोंडातून काढलं नाही.

वर्ष उलटल्यावर एक दिवस आईने त्याच सहलीच्या दोन सीट सांगितल्या.

"तिथे जाऊन काय मिळणार आहे?" बाबा म्हणाले.

"काही मिळावं म्हणून नाही जात. माझी पोर कुठे पडली ते मला बघायचंय. तुम्हाला यायचं तर या."

ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखे.

बसमध्ये बहुतेक जोडपी होती, काही मित्रमंडळी होती, पुढच्याच सीटवर गुलाबी टोपी घातलेल्या एक बाई होत्या. गाइड पोरसवदा, बोलका. पहिल्या किल्ल्यात त्याने सगळ्यांना तळघरातल्या कोठडीत नेलं, दार ओढून घेतलं आणि अंधारात म्हणाला, "ज्यांना बायकोपासून सुटका हवीय त्यांनी इथेच थांबा." हशा पिकला. टिकलीची आई भिंतीला हात लावून उभी होती. दगड ओला होता. टिकलीला इथे भीती वाटली असेल का, की तीही हसली असेल? हसलीच असेल. कुठल्याही फालतू विनोदाला खिदळायची सवय होती तिला.

पुढचा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जात होता. निळंशार पाणी, पांढऱ्या लाटा, जो तो खिडकीला नाक लावून फोटो काढत होता. गाइडने माइक हातात घेतला.

"आता आपण जातोय दुसऱ्या किल्ल्यावर. मन घट्ट करा, मंडळी. गेल्याच वर्षी आपल्यासारखीच एक मुलगी इथे आली होती. देखणी, तरुण. तिचं कुणावर तरी प्रेम होतं आणि त्याने तिला दगा दिला होता. सगळे आत गेले, ती एकटी कड्यावर थांबली. त्याला शेवटचा फोन लावला. त्याने उचलला नाही. आणि मग…" त्याने माइक खाली घेतला. बसभर "अरे देवा" उमटलं.

"कुणाबरोबर आली होती हो?" गुलाबी टोपीवाल्या बाईंनी विचारलं.

"तेच तर गूढ आहे," गाइड म्हणाला.

बाबांनी टिकलीच्या आईचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी हाडात रुतली.

"गप्प राहा," ते पुटपुटले. "कुणाला कळू देऊ नकोस."

तेवढ्यात तिला कळलं. वर्षभर या माणसाच्या मनात हेच होतं. प्रियकर नसेल, फोन नसेल, पण शेवट हाच.

बस थांबली. बाकीचे आत गेले. आई सरळ गाइडसमोर जाऊन उभी राहिली.

"ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

"काकू, सगळे गाइड सांगतात. लोकांना जरा तिखटमीठ लागतं हो."

"ती माझी मुलगी."

त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "मी तेव्हा नव्हतो," तो म्हणाला. "आईशप्पथ, मी नंतर लागलो. कुठून पडली तेवढं दाखवतो, चला."

किल्ल्याला वळसा घालून गवताळ पठार होतं आणि त्याच्या टोकाला लोखंडी कठडा. कठडा सगळा गंजलेला, मधला एक तुकडा मात्र नवा कोरा, हिरव्या रंगाचा. त्या हिरव्या तुकड्याकडे बघताच बाबांचे पाय अडले. आई पुढे गेली. खाली समुद्र खडकांवर आपटत होता. तिने वाकून पाहिलं आणि लगेच मागे सरली. किती खोल होतं!

"टेकू नका तिथे," मागून कुणीतरी ओरडलं. थोड्या अंतरावर थंड पेयांची हातगाडी होती आणि गाडीमागे एक जाडजूड बाई. "नवा असला म्हणून काय झालं. त्या लोखंडावर माझा भरवसा नाही."

"इथून पडलेली मुलगी यांची होती," गाइड हळूच म्हणाला.

गाडीवाल्या बाईने हातातली बाटली खाली ठेवली. पदराला हात पुसले. मग एक स्टूल पुढे सरकवून म्हणाली, "बसा. वर्षभर वाट बघतेय, कुणीतरी येईल म्हणून."

तिने पाहिलं होतं. या गाडीमागूनच. एक म्हातारं जोडपं फोटो काढून घ्यायला कुणी मिळतंय का म्हणून बघत होतं. टिकलीने आपणहून त्यांचा फोन घेतला. किल्ला पूर्ण येईना, म्हणून एक पाऊल मागे, आणखी एक पाऊल मागे. आजोबा तोंड पाडून उभे होते. टिकली त्यांना म्हणाली, "आजोबा, हसा ना थोडं. आजी काय रोज फोटो काढणार आहेत का तुमच्याबरोबर?" आजोबा हसले. टिकलीची पाठ कठड्याला टेकली आणि कठडा तिच्यासकट गेला.

"खांब खालून सडला होता," बाई म्हणाली. "मी आधी दोनदा ऑफिसात सांगितलं होतं. पोलिसांनाही सांगितलं. हो हो म्हणाले. परत कुणी विचारायला आलं नाही. आठवड्यात हा हिरवा तुकडा बसला आणि मग ही प्रेमप्रकरणाची गोष्ट सांगायला लागले. म्हाताऱ्या आजी तर इथेच बेशुद्ध पडल्या होत्या, त्यांना गाडीत घालून घेऊन गेले."

आईने विचारलं, "ओरडली का?"

"नाही. वेळच नाही मिळाला."

बाबा गवतावर बसले होते. दोन्ही हात डोक्यावर. "मला वाटलं, माझ्यामुळे…" ते म्हणाले. "मी बोललो म्हणून…"

"तुम्हाला असं वाटलंच कसं? आपल्या पोरीबद्दल?" आईचा आवाज चिरकला.

त्यांनी मान वर केली. "तुला नव्हतं वाटलं?"

तिने तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. पण वाटलं होतं, तिलाही. जिने कुणाच्या तरी आजोबांना हसवता हसवता जीव गमावला, तिला दोघांनी वर्षभर मनातल्या मनात कड्यावरून उडी मारायला लावली होती. ते आता कुणापाशी फेडायचं? ती बाबांच्या शेजारी बसली. दोघं रडली, पण एकमेकांना हात न लावता.

बस सुटताना आईने माइक मागितला. गाइड रडवेला झाला. "काकू, ऑफिसला कळलं तर मला काढतील. किल्लेवाल्यांशी त्यांचे लागेबांधे आहेत."

"मग बिनमाइकची बोलते."

ती मधल्या वाटेत उभी राहिली, सीटची पाठ धरून. तिने सगळं सांगितलं. म्हातारं जोडपं, फोटो, सडलेला खांब. पुढचे चारपाच जण ऐकत होते. गुलाबी टोपीवाल्या बाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, त्या मान वर करेनात. पण आईचा आवाज इंजिनाच्या घरघरीत मागेपर्यंत पोचेना. "काय म्हणतायत?" कुणीतरी विचारलं. "मुलगी गेली त्यांची." "फोटो काढताना पडली म्हणे." "सेल्फी का?" "हो, सेल्फीच असणार. आजकालची पोरं…"

आईने ते ऐकलं. पुन्हा पहिल्यापासून सांगायची ताकद तिच्यात उरली नव्हती. ती खाली बसली. किनाऱ्यावर बस थांबली तेव्हा सगळे पाण्यात पाय बुडवायला गेले. ही दोघं बसमध्येच बसून राहिली.

नंतर तिने पोलिसांत खेटे घातले. गाडीवाल्या बाईचं नाव सांगितलं. प्रकरण बंद झालंय, एवढंच उत्तर मिळालं. पुढे कळलं, बाईची गाडीही तिथून उठवली.

काही महिन्यांनी एका दुपारी आई डबा घेऊन सलूनमध्ये गेली. खुर्चीत एक अनोळखी माणूस होता, अर्ध्या गालाला फेस. तो नुकताच सहलीला जाऊन आला होता आणि रंगात येऊन सांगत होता. "तिथल्या कड्यावरून एका मुलीने जीव दिला म्हणे. आठवड्यावर लग्न आलेलं. हातात पत्रिका होती."

बाबांचा वस्तरा थांबला. आईने डबा छातीशी धरला. आता हे नेहमीसारखं "असेल, असेल" म्हणतील, असं तिला वाटलं.

बाबांनी राहिलेला गाल पूर्ण केला. घाई न करता, हळूहळू. टॉवेलने त्याचं तोंड पुसलं. मग खुर्चीची दिशा फिरवून त्याला आपल्यासमोर घेतलं.

"टिकली म्हणायचो आम्ही तिला," ते म्हणाले. "माझी मुलगी. तुम्हाला घाई नाही ना? बसा. कशी पडली ते सांगतो."