जमनाची सायकल

“गाडीत बस. सायकल टाकू मागं,” जीप थांबवून जानू बायकोला म्हणाला.

जमनानं एक पाय जमिनीला टेकला. कॅरियरवर सुक्या बोंबलांची टोपली, हँडलला रॉकेलचा रिकामा डबा.

“नको. आयचं औषध घ्याचं हाय, सुताराकडं पाट टाकलाय, नलूकडं निरोप द्याचा हाय. तुमची गाडी कुठं कुठं थांबल?”

एवढं बोलून ती निघालीसुद्धा. पुढच्या उतारावर तिनं पायडल मारणं सोडलं. लुगड्याचा काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, आणि सायकल आपली आपण धावत होती. जानूनं गियर टाकला आणि तिच्या अंगावरून धुरळा उडवत पुढं गेला.

सायकल खरं तर त्याची होती. त्यांच्या घिवली गावाजवळ विजेच्या प्रकल्पाचं काम सुरू झालं, ठेकेदाराच्या साहेबाची जीप जानूच्या हाती आली, आणि सायकल पडवीत गंजत पडली. जमनानं ती धुतली, ओहोटीच्या घट्ट वाळूवर पडत-झडत शिकली. गाव हसलं. जानूही हसला. पुढं गावाचं हसू थांबलं आणि जानूच्या पोटात जळायला लागलं.

कुणा पुरुषाचा संशय असता तर भांडून मोकळा झाला असता. तसं काही नव्हतं. संध्याकाळी ती चुलीपुढं बसून सांगे: पास्थळला बुधाची गाय व्याली, कुंपणाला करवंदं लागली, ठकीनं हाक मारून ताडगोळे खायला घातले. त्याच रस्त्यानं जानू दिवसभर ये-जा करी. त्याला दिसे ती पुढच्या ट्रकची धूळ, ऐकू येई ते साहेबाचं “जल्दी चलो”. चुलीपुढं सांगण्यासारखं त्याच्याजवळ काही नसे. तिचं बोलणं रंगात आलं की तो पाठ फिरवून झोपायचा.

एका पहाटे, ती पाण्याला गेली असताना, त्यानं मागच्या चाकाचा वॉल्व्ह काढून खिशात टाकला.

त्या दिवशी शुक्रवार, बोईसरचा बाजार. साहेबाला घेऊन जाताना त्याला ती दिसली. उन्हात सायकल ढकलत चालली होती. पण एकटी नव्हती. टोपली ठकीच्या डोक्यावर होती, रॉकेलचा डबा बुधाच्या हातात, आणि तिघं कशावर तरी हसत होती. जीप जवळ आली तशी ती बाजूला झाली. तिनं जानूकडं पाहिलं. हात केला नाही.

“कौन है?” साहेबानं विचारलं.

“गाव की औरत,” जानू म्हणाला. त्याचे कान तापले.

रात्री जेवण वाढताना जमना म्हणाली, “बोईसरला दुकानवाल्यानं चाक बघितलं. काटा नव्हता. वॉल्व्हच नव्हता.”

जानू भात कालवत राहिला.

“नवा घातला. मागितली असती सायकल, तर दिली असती मी,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. त्यानंतर तिनं त्या दिवसाचं काहीच सांगितलं नाही. कोण भेटलं, काय बघितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर घरात फक्त वाढ, दे, घे एवढंच चाललं. ज्या गोष्टींना तो पाठ फिरवायचा त्यांची वाट बघत तो आता जागा राही.

रविवारी सुट्टी होती. आईचं औषध संपलं होतं.

“मी जातो,” जानू म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, “सायकल देशील?”

जमनानं मानेनं पडवीकडं दाखवलं.

पहिल्या वळणाला वारा सदऱ्यात शिरला. खाडीचा वास आला, कुठंतरी वाळत घातलेल्या जवळ्याचा आला. जीप हाती आल्यापासून हा रस्ता त्याला असा भेटला नव्हता. ठकीनं झोपडीतून घंटी ऐकली आणि ताडगोळे घेऊन धावत बाहेर आली. त्याला बघून थबकली.

“जमना नाय आली? बरी हाय ना?”

“बरी हाय.”

पुढं बुधानं तेच विचारलं. सुतारानंही.

सीट जमनाच्या उंचीला उतरवलेली होती. जानूचे गुडघे सारखे हँडलला लागत. सीट वर करायला बोईसरच्या दुकानात पाना मिळाला असता, एका मिनिटाचं काम. त्यानं औषध घेतलं, बाटली सदऱ्याच्या खिशात नीट ठेवली, आणि तसाच गुडघे फाकवून घिवलीच्या वाटेला लागला.