शकूच्या हातची पेज

सकाळी आठ वाजता, वरसे गावातल्या राहत्या घरी, गिरजाबाईंनी पेजेच्या चमच्यापुढे तोंड मिटून घेतलं. काल दिवसभरही ते उघडलं नव्हतं.

स्मृतिभ्रंशाने त्यांचा मुलगा, सून, घर सगळं पुसून टाकलं होतं. उरली होती शकू, त्यांची लहानपणी वारलेली बहीण. अशा माणसांना घरी कसं सांभाळायचं हे पेणच्या एका संस्थेत शिकलेली, पुलापलीकडच्या अष्टमी गावातल्या मुसलमान मोहल्ल्यातली बिल्किस रोज येई. गिरजाबाई तिलाच शकू म्हणत, तिच्याच हातून जेवत. तेवढा वेळ सून हौसाला पाठ टेकता येई.

परवा हौसाचे चुलतसासरे दाजी यांनी बिल्किसचं येणं बंद केलं. नवरात्र तोंडावर आलेलं. मुसलमान बाई चुलीपर्यंत येते त्या घरचं पाणी भावकी घेणार नाही, असं त्यांनी बजावलं. आईला आता काही कळत नाही, एवढंच हौसाचा नवरा हिरामण म्हणाला.

"तिला कळत नाय, म्हनून आपल्यालापन कळू नये?" दाजी म्हणाले. "जल्मभर तिनं अष्टमीवाल्यांचा कप वेगळा ठेवला. शुद्धीत असती तर हिला उंबरा ओलांडू दिला असता?"

कपाचं खरं होतं. हिरामण उठला आणि कंपनीत शिफ्टला निघून गेला.

आज हौसाने बिल्किससारखी ओढणी डोक्यावरून घेतली, तिच्यासारखीच मांडी घालून बसली. गिरजाबाईंनी तिला निरखून पाहिलं.

"तू कोन गो? शकू येऊ दे. तिच्याबिगर मी नाय जेवनार."

सुनेच्या हाताला माया नसेल, असं शेजारणी बोलल्या. दुपारी डॉक्टर सांगून गेले की आज पोटात काही गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल. पण गिरजाबाई सुई हाताला राहू देणार नाहीत. तेव्हा हौसा पूल ओलांडून अष्टमीला गेली. गोठ्याकडच्या दाराने ये, म्हणून तिने बिल्किसला विनवलं.

"घास भरवायला चोरावानी कशाला येऊ, भाबी?" बिल्किस म्हणाली. "येते. पन पुढल्या दारानं."

सहा वाजता ती ओट्याच्या पायरीशी उभी होती. दाजी दारात खुर्ची टाकून बसले होते. नुकताच घरी आलेला हिरामण दोघांच्या मध्ये, पायातले बूट तसेच.

दाजींनी पुतण्याकडे पाहिलं. हौसानेही पाहिलं.

साडेसहा वाजले तरी हिरामणने दाजींना खुर्ची बाजूला घ्यायला सांगितलं नव्हतं, की बिल्किसला परत जायला.