शोषखड्ड्याच्या तोंडावर हिरवळ

मित्रांनो, मी एक जुना शोषखड्डा आहे. खड्डा म्हटल्यावर नाक मुरडू नका. मी रस्त्यातला पाय मोडणारा खड्डा नव्हे. मला मुद्दाम, मापाने खणले आहे. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, वर जाड वाळू, असे माझे पोट आहे. उतारावरच्या एका इमारतीला ‘हरित इमारत’ असे प्रमाणपत्र हवे होते. त्याची एक अट होती. गच्चीवर आणि अंगणात पडलेला पाऊस बाहेर वाहू द्यायचा नाही, आवारातच जिरवायचा. ते काम माझ्याकडे आले.

तपासणीच्या दिवशी माझ्यात टँकरभर पाणी ओतले. मी ते बघता बघता पिऊन टाकले. तपासनीस बाईंनी मान डोलावली, रहिवाशांनी टाळ्या वाजवल्या आणि प्रमाणपत्र दारावर लागले. मी फुशारून गेलो होतो.

पण इमारतीच्या नव्या अध्यक्षांना माझा अवतार आवडेना. हरित इमारत आणि दारातच वाळूखडीचा खड्डा, हे शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. एका सकाळी माणसे सिमेंट आणि प्लॅस्टिकच्या हिरव्या गवताची गुंडाळी घेऊन आली. मी आ वासून बघत राहिलो, आणि त्या वासलेल्या तोंडातच सिमेंट पडले! इमारत हिरवी दिसावी म्हणून माझेच तोंड बुजवले? मला अजूनही खरे वाटत नाही. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

पुढच्याच पावसाळ्यात एका दुपारी आभाळ फाटले. गच्चीचे सगळे पाणी माझ्या डोक्यावर आदळले आणि गवतावरून घसरत फाटकाबाहेर पळाले. माझे पोट मात्र कोरडे ठणठणीत. उताराच्या पायथ्याशी इस्त्रीवाल्या काकूंची खोली आहे. काकू कपडे पोहोचवायला आमच्याकडे आल्या होत्या. फाटकातून धावणारे पाणी पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“सासूबाई एकट्या आहेत,” एवढेच त्या म्हणाल्या आणि धावत सुटल्या.

सासूबाई खाटेला खिळलेल्या. पाणी गादीला लागले होते. काकूंनी त्यांना पाठीवर घेतले, चढ चढून आमच्या आवारात आणले आणि नेमके माझ्यावरच बसवले. दोघी थरथरत होत्या. अध्यक्ष छत्री घेऊन खाली आले.

“असं कसं होईल? आपल्याकडे तर प्रमाणपत्र आहे,” ते म्हणाले.

“ते पाण्याला दाखवायचं राहिलं रे बाबा,” सासूबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी छत्री त्यांच्यावर धरली. म्हातारीच्या अंगावरून पाणी निथळत होते. खाली माझे पोट रिकामे होते, आणि मला एक थेंबही पिता येत नव्हता. असली लाज वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मित्रांनो, ते गवत आता रोज ब्रशने स्वच्छ करतात. मला मात्र अजून कोणी मोकळे केलेले नाही. मला टाळ्या नकोत. तुमच्या आवारात माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याच्या तोंडावर काय ठेवले आहे ते आजच बघा. पुढच्या पावसात काकू वेळेवर पोहोचतीलच, असे नाही.