अनुपमाचे रविवार

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या अंगावरचं काळं रबर कडांना सुटलं आहे आणि उजव्या भिंगावर पांढुरका डाग आहे. तो डाग कसा पडला, ते आज तुम्हाला सांगते.

एका कारखान्यात कारागिरांनी माझी भिंगं घासली, नळ्यांत बसवली आणि मी मुंबईतल्या घाटकोपरच्या एका दुकानात आले. तिथून मला अनुपमाने घेतलं. ती नाहूरला राहायची आणि पतपेढीत नोकरी करायची. दिवाळीच्या बोनसमधून त्या वर्षी घरात नवा मिक्सर यायचा होता. त्याऐवजी मी आले. तिचा नवरा निलेश मला उलटसुलट करून बघत म्हणाला, "एवढे पैसे घालवलेस? आणि बघणार काय, तर बगळे?"

"बगळे पण," अनुपमा म्हणाली.

एकेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिने स्वतःसाठी घेतलेली ही पहिली महागडी वस्तू होती. त्यानंतर चार वर्षं, हिवाळ्यातल्या दर रविवारी, ती मला गळ्यात अडकवून माहुलच्या खाडीवर गेली. मागे तेलाच्या कारखान्यांची धुराडी आणि पुढे ओहोटीचा चिखल असे. त्या चिखलात रोहित पक्षी चोच उलटी घालून चरत असत. सुरुवातीला अनुपमाला सगळे लहान पक्षी सारखेच दिसत. हळूहळू ती चिखलात चरणाऱ्या तुतारी नावाच्या छोट्या पक्ष्यांच्या जातीही वेगवेगळ्या ओळखू लागली. मग खाडीवर येणारी इतर माणसं तिला विचारू लागली, "ताई, हा कोणता?" तेव्हा मला धरलेले तिचे हात किंचित ताठ होत. तो प्रश्न हीच तिची शाबासकी होती. थोडी माझीही आहे, असं मी मानून घेत असे.

चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका रविवारी, निलेश गोदामात कामावर गेला होता. घरी त्याची आई, सत्यभामाबाई, एकट्याच होत्या. त्या न्हाणीघराच्या दारात पाय घसरून पडल्या. फोन स्वयंपाकघरात होता. तिथवर सरकणं त्यांना जमलं नाही. अनुपमाने चावीने दार उघडलं, तेव्हा त्यांना फरशीवर पडून दोन तास झाले होते. मी तिच्या गळ्यातच होते. मला हे सगळं दिसलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण त्यानंतर सत्यभामाबाई धड चालू शकल्या नाहीत. रुग्णालयाच्या जिन्यात निलेश एवढंच म्हणाला, "आणि तू पाखरं बघत होतीस." घरी येऊन अनुपमाने मला पिशवीत घातलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर मागे सारलं. माझ्यावर खाडीचा दमटपणा तसाच होता. तिने मला पुसलं नाही. मी तिला दोष देत नाही.

तीन पावसाळे मी त्या अंधारात काढले. भिंगावर आधी बुरशीचा ठिपका आला, मग त्याला धागे फुटले. बाहेर कोणी माझं नाव काढत नव्हतं.

एका फाल्गुनातल्या सकाळी सत्यभामाबाईंचा आवाज ऐकू आला. त्या मूळच्या मालवणकडच्या. "गो अनुपमा, ह्यां कोण ठोकता सकाळपासून? वरच्यांचा काम अजून संपाक नाय?"

अनुपमा थोडा वेळ ऐकत राहिली. "कोणी ठोकत नाहीये, आई. तांबट आहे. पक्षी आहे तो."

"पाखरू? खंय? माका दाखव."

खिडकीबाहेर उंबर होता. हिरव्या पानांत तो हिरवा पक्षी साध्या डोळ्यांना सापडेना. शेवटी अनुपमा स्टुलावर चढली आणि तिने मला फळीवरून खाली काढलं. तिने मला उजेडात धरलं, डाग पाहिला आणि ती पलंगाच्या कडेवर बसली. "खराब झाली ही, आई."

"बघूया तरी."

सत्यभामाबाईंचे हात थरथरत होते, म्हणून अनुपमाने मला खालून आधार दिला. बराच वेळ नुसती पानंच दिसत होती. मग अचानक ते हात स्थिर झाले.

"कपाळाक कुंकू लावल्यान हा गो," त्या हळूच म्हणाल्या.

मला मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "इतकी वर्सां हिका कित्याक कोंडून ठेवलंस?"

"तुम्ही दोन तास फरशीवर पडून होतात, आई. मी तिकडे मजा करत होते."

सत्यभामाबाईंनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तू घरात नाय हुतंस. निलेशय नाय हुतो. तो कामाक गेल्लो म्हणान तेका कोणी काय बोलूक नाय. तुका मात्र सगळ्यांनी बोल लावल्यानी."

निलेश चहाचा कप घेऊन दारात उभा होता. त्याने कप ठेवला आणि तो बाहेर गेला. पुढच्या आठवड्यात त्यानेच मला दुरुस्तीला नेलं. कारागिराने बुरशी काढली, पण भिंगाचा लेप खाल्ला गेला होता, त्यामुळे डाग राहिला. त्या रविवारी पहाटे निलेश म्हणाला, "जा तू. आईजवळ मी आहे. फोन तेवढा चालू ठेव."

सत्यभामाबाई गेल्या श्रावणात वारल्या. तोवर खिडकीतले सात पक्षी त्यांच्या ओळखीचे झाले होते. अनुपमा खाडीवरून आली की त्या आधी तिथली बातमी विचारत, मग औषध घेत.

मित्रांनो, माझी किंमत वसूल झाली का, हे मला सांगता येत नाही. ते दोन तास परत येणार नाहीत, आणि अनुपमाचे वाया गेलेले तीन हिवाळेही येणार नाहीत. माझं एवढंच मागणं आहे की माझ्यासारख्या वस्तू वापरल्यावर पुसा, कोरड्या जागी ठेवा, पण मनाला खंत लागली म्हणून त्यांना कोंडू नका. आणि घरातलं कोणी आपल्या आवडीसाठी चार तास बाहेर पडत असेल, तर ते चार तास घर तुम्ही सांभाळा. निलेशला हे उमगायला तीन वर्षं लागली. तुम्ही इतका उशीर करू नका.