सहा सेकंद भीतीचे

"ही ओळ कोणी लिहिली?" धाकट्या साहेबांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, आणि बैठकीतली सगळी डोकी एकदम चहाच्या कपात शिरली.

ओळ तशी साधी होती. पंप बंद पडला, की पुन्हा चालू करण्याआधी सदतीस सेकंद थांबायचं, बस्स. ह्या कंपनीचा प्रोग्राम गावोगावचे पाण्याचे पंप चालवत असे, आणि गावोगावची वीज दिवसातून पंधरा-वीस वेळा जाऊन यायची. दर वेळी पंप सदतीस सेकंद गप्प. लोकांच्या तक्रारी येत होत्या, की तुमचा पंप झोपा काढतो.

"सदतीस! पस्तीस नाही, चाळीस नाही. कोणाच्या घराचा नंबर आहे का हा?" साहेब म्हणाले. "पाच करा. चार वाजता नवीन प्रोग्राम सगळ्या पंपांवर चढतोय, त्यातच घालून टाका."

"साहेब, त्या ओळीला हात लावू नका."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोलल्या होत्या दाराजवळच्या खुर्चीतल्या ताई. आता ताईंना बैठकीत बोलवायचे ते पडद्याची वायर लागत नसेल तेव्हा. त्यांचं तिथे बोलणं म्हणजे खुर्चीनेच तोंड उघडल्यासारखं झालं.

"का बरं?" साहेबांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. तरुण होता आणि घाईत होता, एवढंच.

"पंप थांबला, की चढावरचं पाणी पाइपातून मागे येतं. हेलकावे खातं. ते निवायच्या आत पंप सुरू केला, तर खालचं पाणी आणि वरचं पाणी समोरासमोर आदळतं. पाइप फुटतो. मग चढावरच्या वस्तीला चार-चार दिवस पाणी नाही. हे झालेलं आहे साहेब, पूर्वी."

"हे कुठे लिहिलंय?"

"रेपोत असेल की."

रेपो म्हणजे प्रोग्रामची वही समजा. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली आणि का बदलली, ह्याची त्यात नोंद होत जाते. साहेबांनी तिथल्या तिथे रेपो उघडला. त्या ओळीपुढे एकच नोंद होती, दोन वर्षांपूर्वीची. खाली लिहिलं होतं, 'सगळं आणलं.'

दोन वर्षांपूर्वी नवा सर्व्हर आला, तेव्हा सामान हलवायला बाहेरची माणसं आली होती. त्यांनी वेळ वाचवायला वहीचं फक्त शेवटचं पान आणलं होतं. प्रोग्राम झकास चालला, त्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नाही. जुनं मशीन पुसून कधीच भंगारात गेलं होतं. सोळा वर्षांच्या नोंदी, आणि त्यांच्या जागी दोन शब्द. सगळं आणलं म्हणे!

"ताई, तुमच्यावर अविश्वास नाही," साहेब म्हणाले. "पण मी वरच्यांना काय सांगू? किल्लीवाल्या ताई म्हणाल्या म्हणून पंप थांबवतो? लेखी काहीतरी दाखवा. चार वाजेपर्यंत थांबतो."

एक वाजून गेला होता.

'किल्लीवाल्या ताई' हे नाव त्यांना चिकटलं होतं ते कामामुळे. सर्व्हरवर कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, ते त्या ठरवत. नवा माणूस आला की त्याला किल्ली, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक फाइल, करून द्यायची. माणूस गेला की त्याच दिवशी ती रद्द करायची. "ताई, मला आत घेत नाहीये हो," हे वाक्य त्या दिवसातून दहा वेळा ऐकत आणि दहाही वेळा न चिडता विचारत, "नक्की काय म्हणतंय? जसंच्या तसं वाचून दाखवा." मशीन उत्तरच देत नसेल तर दुखणं एक, आणि नाव ऐकून नाही म्हणत असेल तर दुखणं वेगळं. घरी मात्र ह्याच बाई महिन्यातून दोनदा घराची किल्ली विसरून जिन्यात बसायच्या, आणि नवरा कामावरून आला की आधी पोटभर हसायचा, मग दार उघडायचा.

काम त्यांना आवडे. त्या सुखात होत्या. पण एक काटा होता, आणि तो नेमका त्या सदतीस सेकंदांत होता.

अठरा वर्षांपूर्वी ताई इथे टायपिस्ट म्हणून लागल्या. तेव्हा प्रोग्राम लिहिणारा माणूस एकच. प्रत्येकाच्या कागदावर लाल पेनने चुका काढायची सवय, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. टायपिंग करता करता ही मुलगी चुका पकडते, हे मास्तरांनी हेरलं आणि तिला शिकवायला घेतलं. चार महिन्यांत ती ओळी लिहू लागली. चढावरच्या वस्तीचा पाइप तिसऱ्यांदा फुटला, तेव्हा मास्तर तिला थेट पंपावर घेऊन गेले. तिथल्या म्हाताऱ्या पंपवाल्याने तिला पाइपाला कान लावायला सांगितलं. "ऐक पोरी, पाणी परत येतंय. ते गप्प होईपर्यंत मोज." तिने मनगटावरचं घड्याळ बघत सात वेळा मोजलं. सगळ्यात जास्त भरले एकतीस सेकंद. परत येऊन तिने ओळीत सदतीस लिहिलं.

"हे वरचे सहा कसले गं?" मास्तरांनी विचारलं.

"भीतीचे," ती म्हणाली. मास्तर इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पाइप त्यानंतर फुटला नाही. मास्तरांचं कौतुक झालं, त्यांना केबिन मिळाली. ताईंना लॉगिनच नव्हतं, कारण टायपिस्टला लॉगिन देत नसत. तिच्या सगळ्या ओळी मास्तरांच्या लॉगिनने चढल्या. पडद्यावरच्या यादीत एकामागून एक मास्तरांचंच नाव. एकदा धीर करून तिने विचारलं होतं, "मास्तर, माझं नाव कुठे आलं नाही का हो?" मास्तर कामात होते. मान वर न करता म्हणाले, "आहे की. आत आहे."

तिला वाटलं, तोंडाला पानं पुसली. पुढे किल्ल्यांचं काम मिळालं, ती त्यातच रमली, लग्न झालं, मूल झालं. पण त्या नोंदी तिने कधी उघडून पाहिल्या नाहीत. रुसवा होता तो, दुसरं काय! मास्तर दोन वर्षांपूर्वी, नवा सर्व्हर यायच्या थोडं आधी गेले, तेव्हाही ती खूप रडली आणि थोडी रुसलेलीच राहिली.

आता ताईंनी डोकं चालवलं. रेपोची एक गंमत असते. जो कोणी त्याची रीतसर प्रत घेतो, त्याच्याकडे अख्खी वही जाते, पहिल्या पानापासून. ऑफिसातल्या सगळ्यांच्या प्रती नव्या सर्व्हरवरच्या, म्हणजे बिनकामाच्या. पण मास्तर शेवटचं वर्षभर आजारपणामुळे घरून काम करत होते. त्यांच्या घरच्या मशीनवर जुनी प्रत असणार, जर ते मशीन अजून असेल तर.

ताईंनी फोन लावला.

"कोण? अगं तू!" मास्तरांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज टणटणीत होता. "किती दिवसांनी गं! आठवण तरी ठेवायची म्हाताऱ्या माणसाची."

"चुकलंच काकू. काकू, मास्तरांचा कॉम्प्युटर आहे का हो अजून?"

"आहे म्हणजे? मी आत्ता त्याच्यावर पत्ते खेळतेय. चांगला डाव लागला होता, तू फोन केलास."

ताईंचा जीव भांड्यात पडला. "काही पुसून वगैरे टाकलं नाहीत ना?"

"मी कशाला पुसू? धूळ तेवढी पुसते."

"मग पत्त्यांच्या मागे निळं चित्र असेल बघा, 'ऑफिस' लिहिलेलं. ते दाबा. मग मला इथून तुमच्या मशीनमध्ये येता येईल."

काकूंनी दाबलं. "लाल आलं गं. आत यायची परवानगी नाही म्हणतंय. ह्यांना? ह्यांना परवानगी नाही?" काकूंचा आवाज चढला. "ह्यांनीच तर ते ऑफिस उभं केलं!"

परवानगी ताईंनीच काढली होती. मास्तर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, नियमाप्रमाणे, डोळे पुसत पुसत त्यांनी मास्तरांची किल्ली रद्द केलेल्यांच्या यादीत टाकली होती. कारण विचारणाऱ्या चौकटीत एक शब्द लिहिला होता, 'निधन'.

"मीच काढली काकू," त्या म्हणाल्या. "थांबा, परत देते."

रद्द केलेली किल्ली त्यांनी नोकरीत आजवर कोणाला परत दिली नव्हती. धाकट्या साहेबांकडे जाऊन त्यांनी रीतसर विचारलं. साहेब म्हणाले, "चारपर्यंत द्या." ताईंनी यादीतून मास्तरांचं नाव उचललं आणि काकूंना पुन्हा चित्र दाबायला सांगितलं. ताईंच्या पडद्यावर, कोण कोण आत आहे त्या यादीत, मास्तरांचं नाव उगवलं. पुढे हिरवा ठिपका. ताई त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या.

"झालं का?" काकूंनी विचारलं.

"अर्धं झालं." कारण आता मास्तरांचं मशीन ताईंनाच आत घेईना. त्याला ताईंची जुनी किल्ली माहीत होती, आणि ताई दर वर्षी जुनी किल्ली मोडून नवी करत. तो नियमही त्यांचाच. स्वतःच्या हाताने स्वतःला जिन्यात बसवलं होतं बाईंनी. "काकू, आता पासवर्डच हवा. मास्तरांनी सांगितला होता का कधी?"

"कीबोर्डाखाली चिठ्ठी आहे की."

"चिठ्ठी?" ताई जवळजवळ ओरडल्या. "किती वेळा सांगितलं होतं मी त्यांना, चिठ्ठीवर लिहू नका म्हणून!"

"म्हणून तर खाली ठेवली. वाचू का? इंग्रजी अक्षरं आहेत, पण आहे आपलंच. 'ताईला सांगू नका.' सगळं जोडून."

दोन्हीकडून एकदम हसू फुटलं. हसता हसता काकूंचा आवाज ओला झाला. ताईंचंही तेच झालं, आणि तीन वेळा टाइप करावा लागला तो पासवर्ड.

साडेतीनला त्या आत होत्या. मास्तरांचं मशीन टापटीप होतं, कागदांसारखंच. रेपो सापडला. ताईंनी पहिल्या पानापासूनची वही ऑफिसच्या सर्व्हरवर ओढून घेतली, आणि ती पुरती आल्याची खात्री केल्याशिवाय खुर्चीत टेकल्या नाहीत. मग सदतीसची ओळ शोधून त्यांनी साहेबांना हाक मारली. यादीत मास्तरांचं नाव होतं, ते त्यांना ठाऊकच होतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नोंद उघडली.

आत दोन नावं होती. चढवणाऱ्याचं एक, मास्तरांचं. त्याच्या वर, लिहिणाऱ्याच्या जागी, दुसरं. खाली मजकूर होता: 'पंप बंद झाल्यावर सदतीस सेकंद थांबणे. कारण, परतीचं पाणी. जागेवर जाऊन सात वेळा मोजले. जास्तीत जास्त एकतीस. वरचे सहा भीतीचे, ते काढू नयेत. मोजणारी आणि लिहिणारी एकच. तिला अजून लॉगिन देत नाहीत, म्हणून मी चढवतो.'

साहेबांनी सगळं दोनदा वाचलं. "हे पुरेसं आहे," ते म्हणाले. "ओळ राहील. पण ही बाई कोण? अजून कुठे असतील तर फोन लावा. अशा आणखी ओळी असतील, त्या विचारून घेऊ."

ताई पडद्याकडेच बघत होत्या. त्यांनी मागची नोंद उघडली, तिच्या मागची उघडली. त्या दिवसांतल्या सगळ्या नोंदी, प्रत्येकीत दोन नावं. आहे की, आत आहे. खरंच आत होतं. आणि आपण काय समजत बसलो होतो!

"साहेब," त्या म्हणाल्या, "ती मीच. लग्नाआधीची."

साहेब शेजारची खुर्ची ओढून बसले, आणि वही-पेन पुढे घेऊन म्हणाले, "सांगा ताई. आणखी कुठल्या ओळींना हात लावायचा नाही?" ताईंनी सांगितलं. पंधरा मिनिटं सांगत होत्या, आणि साहेब लिहून घेत होते.

फोन अजून चालूच होता. "अगं, मिळालं का?" पलीकडून काकू. "मग मी पत्ते खेळू का?"

"खेळा काकू. आणि रविवारी मी येते घरी. एक वाचून दाखवायचंय तुम्हाला."

"ये. पण जेवायलाच ये, उगाच उभ्या उभ्या नको."

चार वाजायला दोन मिनिटं होती. नियम तो नियम. ताईंनी किल्ल्यांची यादी उघडली, हिरव्या ठिपक्याकडे एकदा बघितलं आणि मास्तरांचं नाव रद्द केलेल्यांत परत ठेवलं. चौकटीने नेहमीसारखं कारण विचारलं. ताईंनी डोळे पुसले, आणि लिहिलं, 'काम झालं.'