पायाळू लेक

मंगळवारी दुपारी सुरतेतल्या उधन्याच्या भाजीबाजारात एक बाई हाका मारत मागून आली. "ओ भाई, तमारी चप्पल." वाल्मिकनं खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी. तापलेल्या डांबरावरून तो वीस-पंचवीस पावलं तसाच चालत आला होता, आणि पायानं त्याला काहीच कळवलं नव्हतं.

त्यानं चप्पल घातली, बाईकडे बघून हसला आणि घरी येऊन कुणाला काही बोलला नाही.

कमरेचं दुखणं मात्र साऱ्या चाळीला ठाऊक होतं. यंत्रमागाच्या कारखान्यात संचावर, म्हणजे मागावर, सुतानं भरलेला बीम चढवायचा तर दोन टोकांना दोन माणसं लागतात. एका टोकाला वाल्मिक, दुसऱ्याला शेजारच्या खोलीतला धुडकू. तीन आठवड्यांपूर्वी बीम खांद्याशी आला आणि वाल्मिकच्या कमरेत काहीतरी कट्‌ झालं. तेव्हापासून कळ कुल्ल्यातून पोटरीत उतरायची, ओल्या लाकडासारखी धुमसत राहायची. घरात दीड महिन्याची लेक. गायत्रीचं बाळंतपण पोट फाडून झालेलं, तिला वाकायची-उचलायची मनाई. त्यामुळे खालच्या नळावरून वर पाणी आणणं, लेकीला कडेवर घेऊन फिरवणं, सगळं त्याच्याच कमरेवर. तो दात आवळून करायचा. लेक खांद्यावर झोपली की तिचा श्वास मानेला लागायचा, आणि कळ थोडी दूर जाऊन बसायची.

पण सोमवारपासून कळ ओसरली होती. सगळे म्हणाले, बरं झालं. वाल्मिकलाच तेवढं ठाऊक होतं की दुखणं गेलं, पण जाताना पाय सोबत घेऊन गेलं.

बुधवारी सकाळी तो मोरीत कितीतरी वेळ उभा राहिला. लघवी होईना. होईल, भीतीनं अडली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. बाहेर त्याची आई, सरलाबाई, लेकीला तेल लावत होती. सुनेच्या बाळंतपणासाठी ती पारोळ्याकडून आली होती.

"ये रे भाऊ, आठे पालथा पड," ती म्हणाली. "आज पोरना पाय लावू तुना कंबरले."

लेक पोटात पाय खाली करून बसली होती. डॉक्टरांनी तिला काढलं तेही पायाकडून. सरलाबाईच्या लेखी प्रश्नच नव्हता. पोर पायाळू, आणि पायाळूचा पाय लागला की भरलेली उसण उतरते, हे खानदेशात शेंबडं पोरही सांगेल. सव्वा महिना सरायची तेवढी ती वाट बघत थांबली होती.

धुडकू दारात चहाचा कप घेऊन उभा होता. "मावशी, पायाळू तर खालच्या दारानं येणारा. ही वरून खिडकीतून आली. हिचा पाय कसा चालेल?"

"तू तर डोक्याकडून आला ना? मग डोकं कुठं चाललं तुझं?" गायत्री आतून म्हणाली. धुडकूला ठसका लागला.

वाल्मिक गोधडीवर पालथा झाला. सरलाबाईनं लेकीला बगलेत धरून तिचे तळवे त्याच्या कमरेला टेकवले आणि हलक्या आवाजात म्हणू लागली,

*पाय ठेव व बाई, बापनी कंबरवर*
*उसण वाही जाऊ दे, तापीना पानीवर*

तळवे तेलानं ओले होते, ऊन होते, चिंचेच्या शेंगेएवढे. कमरेवर ते लागले आणि वाल्मिकचे डोळे भरून आले. एकदा. दोनदा. मग आई म्हणाली, "आते मांडीवर," आणि तळवे खाली सरकले. मांडीवर ते धोतराच्या घडीतून लागावेत तसे लागले. मग काहीच लागेना.

त्याला वाटलं, आईनं पोरीला उचलून घेतलं असेल. त्यानं मान वळवली.

पोरीचा पाय त्याच्या पोटरीवर होता. इवल्या बोटांनी पोटरीचे केस धरून ठेवले होते. त्याला ते दिसत होतं. फक्त दिसत होतं.



"बरं वाटनं का?" आईनं विचारलं.

"वाटनं," वाल्मिक म्हणाला.

खोटं बोलायला त्याला एक क्षणही लागला नाही. त्याची धाकटी बहीण रंजना जन्मली त्याच महिन्यात बाप विहिरीच्या कामावर गेला होता, तो परत आला नाही. तेव्हा भावकीनं रंजनाला नाव ठेवलं, पांढऱ्या पायाची. शाळेत गेली तरी तेच, लग्न ठरताना तेच. आणि आईही कधीकधी, भाकरी थापता थापता, तेच म्हणायची. आता आपण म्हणालो की पायाळूचा पाय लागला आणि आपला पाय गेला, तर तो शब्द या ओल्या, ऊन तळव्यांना चिकटेल. मग कुठल्याच पाण्यानं तो जायचा नाही.

दहा वाजता लेकीला दीड महिन्याच्या लसीला न्यायचं होतं. गायत्रीनं तिला दुपट्यात गुंडाळलं. "घ्या हिला. मी कठडा धरून येते मागून. आता तर कंबर मोकळी झाली ना तुमची?"

चाळीचा जिना लोखंडी, शिडीसारखा उभा. वाल्मिकनं लेकीला छातीशी घेतलं आणि उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. आता डावा. त्यानं डावा पाय उचलला, खाली सोडला. पायरीवर टेकला की हवेत आहे? अंगातून कुठूनच बातमी येईना. खाली बघावं तर मध्ये दुपटं. लेकीनं जांभई दिली. तिचं डोकं त्याच्या हनुवटीखाली, इतकं मऊ की आतली नाडी उडताना जाणवत होती. खाली, फार खाली, फरशीवर कुणाची तरी सायकल उभी होती.

तो तिथेच, वरच्या पायरीवर, मटकन बसला.

"काय झालं?"

"गायत्री, हिला घे."

"अहो, पण मला उचलायची..."

"घे म्हणतो ना. माझ्या हातून पडेल ही."

तिनं टाक्यांवर एक हात दाबून दुसऱ्या हातानं लेक घेतली. त्याचा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता. "मला डावा पाय कळत नाहीये," तो म्हणाला. "कालपासून. आणि सकाळपासून लघवी नाही."

गायत्री सुरतेतच वाढलेली, दोन वर्षं एका दवाखान्यात केस पेपर काढायला बसलेली. पाय बधिर आणि लघवी बंद, दोन्ही एकदम म्हणजे काय, ते तिनं तिथं ऐकलेलं होतं. तिचे ओठ पांढरे पडले, आणि ते पाहून वाल्मिकला पहिल्यांदा नीट कळलं की किती घाबरायचं ते.

आरडाओरडा न करता तिनं धुडकूला हाक मारली. सरलाबाई दारात आली.

"पोरना पाय लागनात, तव्हय काहीच नही वाटनं तुले?"

वाल्मिकनं कठड्याची सळई घट्ट धरली. "कंबरले वाटनं, माय. ऊनऊन."

"आनि खाले?"

"खाले नही."

म्हातारीचे ओठ हलले. तो शब्द आता येणार, येणार, म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती पोरीकडे बघत होती.

"मी तिना पाय कंबरलेच नीट टेकाडात," सरलाबाई म्हणाली. "खालनं काम डॉक्टरनं." आणि तिनं नात गायत्रीच्या हातातून काढून स्वतःच्या पदराखाली घेतली. तिला तसं खरंच वाटलं, की तीही त्याच्यासारखीच खोटं बोलली, हे वाल्मिकला कळलं नाही.

तो बसून, एकेक पायरी घसरत उतरला. धुडकू खालच्या पायरीवर उलटा उभा राहून त्याचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवत होता. "भो, बीमपेक्षा हलका आहेस," तो म्हणाला.  रिक्षात वाल्मिकनं मोठ्या हॉस्पिटलापर्यंत एकदाही खाली पाहिलं नाही.

तपासायला एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी त्याला आडवं केलं, पँट गुडघ्यापर्यंत वर सारली, हातात एक टाचणी घेतली. बाहेरच्या बाकावरून लेकीचं रडणं ऐकू येत होतं, आणि सरलाबाईचं जो जो.

"आँखें बंद. चुभे तो हाँ बोलना."

वाल्मिकनं डोळे मिटले. सगळी ताकद त्यानं त्या पायात ओतली. ऐकावं तसा तो पायाकडे कान लावून राहिला. आणि मग लागलं. लागलंच.

"हाँ," तो म्हणाला.

"अभी तो लगाया ही नहीं, भाई," डॉक्टर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सच बोलना. जल्दी नहीं है."

पण त्यांनी हे म्हणता म्हणता सिस्टरला खूण केली होती, आणि सिस्टर पळतच बाहेर गेली.

वाल्मिकनं डोळे पुन्हा घट्ट मिटले. गायत्रीनं त्याचा हात धरला होता. बोटं गार होती, तिची की त्याची, कोण जाणे. बाहेर लेक रडायची थांबली. तो वाट बघत राहिला. पंखा फिरत होता. मध्येच गायत्रीची बोटं त्याच्या हातावर आवळली, सुटली, पुन्हा आवळली, पुन्हा सुटली. टाचणी पायाला किती वेळा टेकते आहे ते तो तिच्या बोटांतून मोजू लागला.